कलत्या घरास टेकू

आमच्या मेहकराच्या जुन्या वस्तींत मातीच्या भिंतींचीं व सागवानी खांबांचीं कांहीं घरें अजूनहि उभीं आहेत. एखाद्या पावसाळ्यांत अशा घराची भिंत बाहेरच्या अंगास कलते. घरधनी सुतारास बोलावितो. सुतार तुळईवर हात फिरवितो, खांब ठोकून पाहतो आणि म्हणतो, "घर कांहीं आतां नवें होत नाहीं, पण टेकू नीट बसविला तर माणसें निर्धास्त निजतील." टेकू बसतो आणि त्या घरांत आणखी एक दिवाळी होते.

हा दृष्टान्त आम्हीं शोधून काढिलेला नाहीं. चरकाचार्यांनीं रोगांचे चार वर्ग पाडले आहेत : सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय. पहिल्या दोहोंत रोगी बरा होतो. चौथ्यांत वैद्यानें हात जोडावे, असें मत. परंतु तिसरा जो याप्य, तो मोठा विचार करण्यासारखा आहे. हा रोग जात नाहीं, पण योग्य उपचार चालूं असेपर्यंत रोग्यास सुखानें दिवस कंठतां येतात. सुश्रुताचार्यांनीं यासच पडूं पाहणाऱ्या घराची व नीट लाविलेल्या टेकूची उपमा दिली आहे. आजकाल डॉक्टर मंडळी ज्यास ‘पॅलिएटिव्ह केअर’ म्हणतात आणि मराठींत ज्यास उपशामक किंवा परिहारक सेवा असें म्हणूं लागले आहेत, ती या टेकूहून निराळी नव्हे. फरक एवढाच कीं, पूर्वीं टेकू तिसऱ्या वर्गास होता; आतां तो चौथ्यासहि लावितां येतो. ‘आतां कांहीं करण्यासारखें उरलें नाहीं’ हें वाक्य त्यामुळें खोटें ठरलें आहे.

हें ज्ञान आम्हांस ग्रंथांतून आधीं झालें असतें तर बरें झालें असतें. तें झालें आमच्याच घरांत, आणि उशिरा झालें. म्हणून हा लेख.

अण्णांची अडखळण

आमचे थोरले बंधू पोस्टांतून निवृत्त झाले होते. घरांत व गांवांत त्यांस सारेच अण्णा म्हणत. वय बहात्तर. स्नान झाल्यावर विष्णुसहस्रनामाचा पाठ हा त्यांचा पन्नास वर्षांचा नेम. तीन वर्षांपूर्वीं श्रावणांत एके सकाळीं पाठ म्हणतां म्हणतां ते अडले. पुनः मागून आरंभ केला. पुनः तेथेंच अडले. आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत बसलों होतों. कानांस ती अडखळण खटकली. पण वयाचें विस्मरण म्हणून आम्हीं ती मनावर घेतली नाहीं. पुढें आठ दिवसांनीं त्यांनीं वहिनींजवळ तांब्या मागावयाचा तो टांक मागितला आणि चूक ध्यानांत येऊन स्वतःच हंसले. मग पहाटेस डोकें दुखूं लागलें. उलटी झाली कीं कांहीं वेळ हलकें वाटे. भाद्रपदांत जेवणाच्या पाटावर त्यांचा उजवा हात झटके देऊं लागला आणि ते कोसळले. त्या वेळीं एकानें त्यांच्या नाकास वहाण लाविली, दुसऱ्यानें दांतांत चमचा घातला. चमचा घालणारे आम्हीच होतों. एक दांत त्यांत दुखावला.

मोठ्या शहरांतील एका रुग्णालयांत एम. आर. आय. काढण्यांत आला. मेंदूच्या डाव्या बाजूस, जेथें वाचेचें ठाणें असतें तेथें, गांठ निघाली. तिचा तुकडा काढून तपासला. नांव आलें ‘ग्लायोब्लास्टोमा’, श्रेणी चौथी.

येथें वाचकांनीं घाबरून जाऊं नये. मेंदूंतील प्रत्येक गांठ मारक नसते. मेंदूच्या आवरणापासून उगवणारी मेनिंजिओमा ही गांठ बहुधा सौम्य असते आणि शस्त्रक्रियेनें पुष्कळदां कायमची जाते. कांहीं गांठी मेंदूच्या नसतातच. फुप्फुसाचा किंवा स्तनाचा कर्करोग रक्तावाटे येऊन तेथें ठाण मांडतो. ग्लायोब्लास्टोमा मात्र मेंदूच्या आधारपेशींतूनच वाढते आणि शेतांतील हरळीप्रमाणें तिचीं मुळें दूरवर पसरतात. वरची हरळी खुरपून काढिली तरी मूळ जमिनींत राहतें. २००५ सालीं डॉ. रॉजर स्टुप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं एक मोठें संशोधन प्रसिद्ध केलें. त्यांत नुसते किरणोपचार घेणाऱ्यांपैकीं निम्मे रोगी १२.१ महिन्यांच्या पुढें जगले. किरणोपचारांबरोबर टेमोझोलोमाइड हें औषध घेणाऱ्यांत तो काळ १४.६ महिने झाला. दोन वर्षांनीं जिवंत असलेल्यांचें प्रमाण शेंकडा दहावरून सव्वीसवर गेलें. वृद्धांस सहा आठवड्यांऐवजीं तीन आठवड्यांचे किरणोपचार देतां येतात, असेंहि पुढें दिसून आलें. हे आंकडे अल्प वाटतील. पण ज्याच्या घरीं रोगी आहे, त्यास दोन महिन्यांचें मोल ठाऊक असतें. म्हणून उपचार करूं नयेत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. अण्णांचेहि तीन आठवड्यांचे किरणोपचार झाले. आमचें म्हणणें निराळें आहे.

आम्ही खोटें बोललों

डॉक्टरांनीं आम्हांस व आमच्या पुतण्यास खोलींत बसवून सर्व कांहीं स्पष्ट सांगितलें. त्यांनीं कांहीं लपविलें नाहीं. लपविलें तें आम्हीं. एकत्र कुटुंबांत अशा वेळीं जें होतें तेंच झालें : वडील माणसें जमलीं, हलक्या आवाजांत खल झाला आणि ठरलें कीं, अण्णांना ‘मेंदूस सूज आहे’ एवढेंच सांगावयाचें; वहिनींनाहि तेवढेंच. त्यांच्यावरील प्रेमापोटींच हें ठरलें, यांत शंका नाहीं.

किरणोपचार संपवून आम्ही परत येत होतों. नागपूर ते शिर्डी हा समृद्धि महामार्गाचा भाग २०२२ च्या डिसेंबरांत खुला झाला, तेव्हांपासून आमच्या तालुक्याच्या लोकांस छत्रपति संभाजीनगर किंवा नागपूर गांठणें सुकर झालें आहे. रात्रीची वेळ होती. मोटारींत बाकीचे डुलक्या घेत होते. अण्णा सावकाश म्हणाले, "मास्तर, खरें काय तें सांग. सूजच ना?"

आम्ही म्हणालों, "सूजच. औषधानें उतरेल."

ते कांचेबाहेर पाहत राहिले. पुनः त्यांनीं तो प्रश्न कधींहि विचारला नाहीं. आम्हांस वाटलें, समजूत पटली.

पुढचे सहा आठवडे चांगले गेले. डेक्सामेथासोन या औषधानें गांठीभोंवतालची सूज ओसरते. अण्णांची वाचा बरीच सुधारली, भूक खवळली, बालाजीच्या देवळापर्यंत ते काठी टेकीत जाऊन आले. आम्ही हर्षभरित झालों. बोलावयाचे, विचारावयाचे, निरोप घ्यावयाचे दिवस हेच होते, हें आम्हांस कळलें नाहीं. मार्गशीर्षांत शब्द पुनः गळूं लागले. पौषांत एकच शब्द उरला : ‘विहीर’. आमचा हात धरून ते आर्जवानें म्हणत, "विहीर... विहीर." आम्हीं शेतांतल्या विहिरीचें पाणी आणून पाजलें; त्यांनीं भांडें बाजूस सारलें. विहिरीच्या हिश्शाविषयीं भाऊबंदांशीं जुनी कुरबुर होती. ती मिटविली आहे, असें सांगितलें. ते मान हालवीत आणि डोळ्यांत पाणी आणीत.

माघांत एके रात्रीं ते हांकेस ओ देईनात. भीतीनें आम्हीं त्यांस शहरांतील एका रुग्णालयांत नेलें. तेथें अतिदक्षता विभागांत चार दिवस गेले. नाकांतील नळी ते ओढूं पाहत, म्हणून हात पलंगास बांधले होते. वहिनींस दिवसांतून दहा मिनिटें कांचेंतून दर्शन. त्या रुग्णालयास आम्ही दोष देत नाहीं. आम्हींच नेलें, त्यांनीं आपलें काम केलें. सुजेचें औषध वाढविल्यावर अण्णा जागे झाले आणि आम्हीं त्यांस घरीं आणिलें.

फडताळांतली वही

फाल्गुनांत आमची एक जुनी विद्यार्थिनी बहिणीच्या लग्नासाठीं गांवीं आली. परिचारिकेचें शिक्षण घेऊन ती बाहेरगांवीं अशाच असाध्य रोग्यांच्या सेवेंत आहे. नमस्कारास आली, अण्णांजवळ बसली आणि थोडा वेळ नुसती ऐकत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, त्यांच्या तोंडून शब्द येतो तोच त्यांच्या मनांत असेल असें नाहीं. या आजारांत शब्दांच्या जागा बदलतात. शब्दाचा अर्थ लावीत बसूं नका, प्रश्न विचारा. ‘होय’ असेल तर हात दाबायचा, ‘नाहीं’ असेल तर सोडायचा."

तिनें आधीं उत्तरें ठाऊक असलेले प्रश्न विचारून पाहिले : हें मेहकर ना? तुम्ही शेतकीखात्यांत होतां ना? अण्णांचें होय-नाहीं भरंवशाचें आहे, अशी खात्री पटल्यावर ती पुढें गेली. माणसाविषयीं आहे? हात सुटला. वस्तु आहे? हात दाबला. शेतांत? सुटला. घरांत? दाबला. आम्हीं वर्गांत जन्मभर प्रश्न विचारले. पण असे प्रश्न विचारावयास सुचलें नाहीं. शेवटीं वहिनी दारांतून म्हणाल्या, "वही का?" अण्णांनीं जो हात दाबला तो सोडीनात.

फडताळांत तांबड्या कापडी बांधणीची त्यांची हिशेबाची वही होती. दूध, किराणा, वीज यांच्या नोंदी संपल्या त्यानंतरच्या कोऱ्या पानावर लिहिलेलें होतें. तारीख किरणोपचारांहून परतल्यानंतर चौथ्या दिवसाची. ज्या हातानें हजारों मनीऑर्डरी लिहिल्या त्या हाताचीं अक्षरें खालीं घसरलीं होतीं, मधले शब्द सुटले होते. तरी अर्थ लागत होता. पहिलें कलम : मला रोग कळला आहे. मास्तर सूज म्हणतो. म्हणूं द्यावें, त्यास तेवढाच धीर. दुसरें : शहरांत पुनः नेऊं नये, माजघरांत, देवघर दिसेल असें ठेवावें. तिसरें : पोस्टांतील खात्यावर हिचें नांव लाविलें आहे, तिच्याकडून कोणीं सही मागूं नये. चौथें कलम अपुरें आहे : ‘तिला सांगावें कीं’. पुढें रेघ ओढल्यासारखी खूण आहे आणि पान कोरें आहे.

आम्ही त्यांस जपत होतों असें आम्हांस वाटत होतें. जपत होते ते आम्हांस. आणि दुसरें कलम त्या फडताळांत असतांना आम्हीं त्यांचे हात पलंगास बांधूं दिले.

हा रोग वाट पाहत नाहीं

इतर अवयवांच्या कर्करोगांत रोग्याची वाचा व विवेक बहुधा अखेरपर्यंत शाबूत राहतात. आज राहिलें तें उद्यां बोलतां येतें. मेंदूच्या गांठींत खटला उभा राहण्यापूर्वींच न्यायाधीश उठून जातो. म्हणून इतरांस जें शेवटीं विचारावयाचें, तें येथें आरंभींच विचारलें पाहिजे. मेंदूच्या गांठींवर काम करणाऱ्या युरोपांतील तज्ज्ञमंडळानें २०१७ सालीं ग्लायोमाच्या रोग्यांच्या उपशामक सेवेसंबंधीं मार्गदर्शन प्रसिद्ध केलें, त्याचाहि रोख हाच आहे.

पण विचारावें कसें? रोगाचें नांव रोग्याच्या अंगावर फेंकणें म्हणजे सत्य बोलणें नव्हे. आधीं एवढेंच विचारावें कीं, "तुम्हांस या दुखण्याविषयीं किती जाणून घ्यावयाचें आहे? कीं आम्हींच काय तें पाहावें?" कित्येकजण म्हणतील, "तुम्हीच पाहा." त्यांचा शब्द मानावा. पण जो विचारील त्यास खरें उत्तर मिळालें पाहिजे. मग : कोठें राहावेंसें वाटतें, कोणास भेटावयाचें आहे, कशाची भीति वाटते, श्वासाच्या यंत्रावर ठेवलेलें चालेल काय, आपल्या वतीनें कोणीं निर्णय घ्यावा. उत्तरें कागदावर टिपावीं.

या कागदास आतां कायद्याचाहि आधार आहे. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं सन्मानानें मरण्याचा हक्क मान्य करून, पुढें शुद्धि न राहिल्यास कोणते उपचार नकोत हें आगाऊ लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ च्या जानेवारींत ती रीत सोपी केली : दोन साक्षीदारांसमक्ष सही आणि नोटरीचें किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचें साक्षांकन पुरतें. अट एकच कीं, लिहिणारा त्या वेळीं शुद्धींत व जाणता असला पाहिजे. मेंदूच्या रोग्याच्या बाबतींत या अटीचा अर्थ काय, हें वेगळें सांगावयास नको.

कांहींजणांस वाटेल कीं, उपशामक सेवेचें नांव काढणें म्हणजे रोग्यास लवकर निरोप देणें. तसें नाहीं. २०१० सालीं बॉस्टन येथील डॉ. जेनिफर टेमेल यांनीं फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रोग्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. नेहमींच्या उपचारांबरोबर आरंभापासून ही सेवा मिळालेल्यांचें मन अधिक प्रसन्न राहिलें. शेवटचे जहाल उपचार त्यांस कमी झाले, तरी आयुष्य ८.९ महिन्यांऐवजीं ११.६ महिने लाभलें. रोग निराळा आहे. पण टेकू लाविल्यानें घर लवकर पडत नाहीं, एवढें त्यावरून समजावें.

परिचारकाचा धर्म

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाय सांगितले : वैद्य, औषध, परिचारक व रोगी. परिचारकाच्या अंगीं सेवेचें ज्ञान, चलाखी, रोग्यावर प्रेम आणि स्वच्छता हे गुण असावेत. आमच्या घरांत प्रेम पुष्कळ होतें, ज्ञान नव्हतें. त्या मुलीनें चार दिवसांत जें शिकविलें तें येथें देतों. औषधांची मात्रा मात्र आपल्या डॉक्टरांसच विचारावी.

आंकडी आल्यास रोग्यास कुशीवर वळवावें, डोक्याखालीं मऊ कांहीं ठेवावें, आसपासच्या टोंकदार वस्तु दूर कराव्या आणि घड्याळाकडे पाहावें. हातपाय दाबून धरूं नयेत. तोंडांत चमचा, पाणी, औषध कांहींहि घालूं नये. वहाण व कांदा यांचा उपयोग नाहीं. पांच मिनिटांपेक्षां अधिक काळ आंकडी चालली तर ती थांबविण्यासाठीं नाकांत मारावयाचें मिडॅझोलाम नांवाचें औषध येतें. तें डॉक्टरांकडून आधींच लिहून घेऊन घरांत ठेवावें. गिळणें बंद झाल्यावर आंकडीचें रोजचें औषध कसें द्यावयाचें, हेंहि आधींच विचारून ठेवावें.

डेक्सामेथासोन सकाळीं अन्नाबरोबर द्यावें. रात्रीं दिल्यास झोंप उडते. या औषधानें भूक वाढते, तोंड सुजतें, मांड्या अशक्त होतात, रक्तांतील साखर चढते व जिभेवर पांढरा थर येतो. म्हणून साखर तपासावी व तोंड स्वच्छ ठेवावें. मुख्य म्हणजे तें एकाएकीं कधींहि बंद करूं नये. उशाकडील बाजू थोडी उंच ठेविल्यास पहाटेची डोकेदुखी कमी होते.

भरवितांना रोग्यास उठवून बसवावें, हनुवटी किंचित् छातीकडे, चमचा लहान. पातळ पाणी घशांत चुकीच्या वाटेनें जातें. त्यापेक्षां खिमट, घट्ट पेज, दाटसर कढण बरें. ठसका लागला कीं थांबावें. निजलेल्याचा बिछाना दर दोन तासांनीं बदलत्या कुशीवर असावा. चादरीस सुरकुती नसावी. माकडहाड व टांचा रोज पाहाव्या. हवेची गादी मिळाल्यास उत्तम.

बोलतांना एका वेळीं एकानेंच बोलावें, लहान वाक्यें बोलावीं, ओरडूं नये. रोगी बहिरा झालेला नसतो. शब्दांची वाट बुजलेली असते. ज्या बाजूस त्यास दिसतें त्या बाजूस बसावें. मेंदूच्या पुढच्या भागांत गांठ असेल तर शांत माणूस तापट होतो, भिडस्त माणूस वाटेल तें बोलतो. अण्णांनींहि एकदां सूनबाईंवर ताट भिरकावलें. ती बिचारी रात्रभर रडली. रोग बोलतो आहे, माणूस नव्हे, हें तिला कोणीं आधीं सांगितलें असतें तर तें रडणें वाचलें असतें.

आणि हें सर्व करणार कोण? आमच्या घरांत सात प्रौढ माणसें असतांना सेवेचा भार वहिनी व सूनबाई या दोघींवरच पडला होता. आम्ही पुरुष मंडळी ‘काय हवें नको’ विचारून ओसरीवर येऊन बसत असूं. त्या मुलीनें हें पाहिलें, पण गुरुजींस काय बोलावें म्हणून ती संकोचली. शेवटीं म्हणाली, "गुरुजी, शाळेंत तुम्ही वेळापत्रक करीत होतां." आम्हीं त्याच रात्रीं वेळापत्रक केलें. पहांटेची कूस आमच्याकडे, दुपारची पुतण्याकडे. अंग पुसणें आम्हां दोघां पुरुषांकडे. औषधांची टिपणवही कॉलेजांतल्या नातीकडे. आणि रोज सायंकाळीं दोन तास सूनबाईंस पूर्ण मोकळीक. एकत्र कुटुंबाचें बळ माणसांच्या संख्येंत नसून वांटणींत आहे, हें आम्हांस साठी उलटल्यावर कळलें.

हा विचार आला कोठून

असाध्य रोग्यांच्या सेवेस शास्त्राचें रूप दिलें तें इंग्लंडांत डेम सिसिली साँडर्स यांनीं. त्या आधीं परिचारिका, मग समाजसेविका व पुढें डॉक्टर झाल्या. १९६७ सालीं त्यांनीं लंडनमध्यें सेंट ख्रिस्टोफर्स हें रुग्णनिवास उघडलें. वेदना केवळ शरीराची नसते. मनाची, कुटुंबाची व श्रद्धेचीहि असते आणि त्या साऱ्यांचा मिळून विचार करावा लागतो, हें त्यांचें सांगणें. आपल्या देशांतील या प्रकारची पहिली संस्था मुंबईस वांद्रे येथें निघाली : डॉ. एल. जे. डिसोझा यांनीं १९८६ मध्यें स्थापिलेलें शांति आवेदना सदन. १९९७ पासून पुण्यास वारजे येथें सिप्ला प्रतिष्ठानचें केंद्र चालतें. तेथें रोग्याबरोबर घरचें माणूस राहतें, सेवा शिकतें आणि मग दोघें घरीं जातात. शुल्क पडत नाहीं. १९४१ सालीं स्थापन झालेल्या मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतहि या सेवेचा स्वतंत्र विभाग आहे. केरळांत कोझिकोड येथें १९९३ सालीं डॉ. राजगोपाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जें काम आरंभिलें, तें शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं व स्वयंसेवकांनीं घरोघर नेलें. २००८ मध्यें त्या राज्यानें त्याविषयीं धोरणच जाहीर केलें.

तीव्र वेदनांवर मॉर्फीन हें स्वस्त व गुणकारी औषध आहे. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानें तें इतकें दुर्मिळ झालें होतें कीं, वेदनेनें तळमळणाऱ्यासहि मिळेना. २०१४ सालीं कायदा सुधारला. डॉक्टरांच्या देखरेखींत योग्य मात्रेनें दिलें तर व्यसनाची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. मेंदूच्या गांठींत इतर कर्करोगांइतक्या वेदना बहुधा नसतात. पण ज्यास होतात त्यानें सोसाव्या कां?

पुणें, मुंबई आम्हांपासून लांब. घाटावरचे काय किंवा घाटाखालचे काय, आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील रोगी अखेर आपल्याच घरीं परत येतो. २०१२ पासून केंद्र सरकारचा उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांनीं द्यावयाच्या सेवांच्या यादींत ही सेवा घातलेली आहे. आपल्या केंद्रांत, आशा सेविकेजवळ, जिल्हा रुग्णालयांत जाऊन ती नांव घेऊन मागावी. यादींतली गोष्ट मागितल्यावांचून दारीं येत नाहीं. आणि दहा घरांनीं मागितली तर अकराव्या घरास ती सहज मिळते.

शेवटचे दिवस

अण्णांचा पलंग आम्हीं माजघरांत, देवघर दिसेल असा टाकिला. चैत्रांत त्यांची झोंप वाढत गेली. या रोगांत शेवट बहुधा असाच येतो. दोन दिवस घशांत घरघर होती. ती ऐकणाऱ्यांस फार लागते, रोग्यास तितकी लागत नाहीं; कुशीवर वळविल्यानें व डॉक्टरांच्या औषधानें ती कमी झाली. शेजारच्या एका वृद्धेनें पळीभर गंगोदक तोंडांत घालावयास आणिलें. ती मुलगी आधींच सांगून गेली होती कीं, शुद्ध नसलेल्याच्या तोंडांत ओतलेलें पाणी श्वासनलिकेंत जातें. आम्हीं तुळशीचें पान गंगोदकांत भिजवून ओंठांवरून फिरविलें. धर्म राहिला आणि जीवहि गुदमरला नाहीं. एकादशीच्या पहाटे, आमच्या पाळीच्या वेळीं, अण्णा गेले. हात बांधलेले नव्हते. एक वहिनींच्या हातांत होता.

ती वही वहिनींनीं देवघरांत ठेविली आहे. चौथ्या कलमाविषयीं त्यांनीं आम्हांस कधीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर आम्हांजवळ उत्तर नव्हतें. त्या रात्रीं मोटारींत आम्हीं खरें सांगितलें असतें, तर तें वाक्य अण्णांनीं स्वतःच्या तोंडानें, वहिनींच्या समोर, पुरें केलें असतें. सहा आठवडे त्यांस वाचा होती.

ज्यांच्या घरीं आज असा रोगी आहे, त्यांस एवढेंच सांगणें आहे. शहरांतील उपचार चालूं ठेवा, देवास नवस बोला, चांगल्या दिवसांची आशा धरा. परंतु रोग्याचे शब्द शाबूत आहेत तोंवर एका सायंकाळीं दिवे लागल्यावर त्याच्या उशाशीं बसा, दार लोटून घ्या आणि विचारा. मग तो बोलूं लागला म्हणजे त्यास मध्येंच ‘बरें होईल’ म्हणून थांबवूं नका.